चौथा बोळा

खडू शोधायला एप्रनच्या खिशात हात घातला तर बोटांना खडूऐवजी काहीतरी हलकं, कुरकुरीत लागलं. तिनं बाहेर काढलं. बोळा होता. जुन्या टॉवेलचा तुकडा, वरून अॅल्युमिनियमची फॉइल, आणि सुटू नये म्हणून बारीक स्टीलच्या तारेचे दोन वेढे. तिनंच केलेला, गेल्या रविवारी, घरी. तिला हसू आलं. चामड्याचा हा जाड एप्रन ती घरच्या कामासाठी घेऊन गेली होती, सोमवारी तसाच गुंडाळून परत आणला होता, आणि आज जाड काम निघालं म्हणून खुंटीवरून काढला होता. म्हणजे आठवडाभर हे पाहुणे खिशात बसून होते तर. दुसरा निघाला. तिसरा निघाला. चौथ्यासाठी बोटं खिशाच्या तळापर्यंत गेली; तिथं थोडा लोखंडाचा भुगा होता, आणि पुढं शिवण होती. दुसऱ्या खिशात नुसता खडू. छातीवरच्या खिशात पेन्सिल आणि चष्म्याचं फडकं. तिनं तिन्ही खिसे उलटे केले, वाकून टेबलाखाली बघितलं, डबा उघडून बघितला, आणि एवढं सगळं होईतो ओठांवरचं हसू तसंच राहिलं होतं, बटण बंद केल्यावरही पंख्याची पाती थोडा वेळ फिरत राहतात तसं. मग ते थांबलं. शनिवार होता. साडेअकरा झाले होते. दोन वाजता घरी गाडी सुरू व्हायची होती.

गाडी नवऱ्याची. ती गाडी आहे असं म्हणायला सात वर्षं लागली. आधी ती ताडपत्रीखालचा ढीग होती, मग चार ठोकळ्यांवरचा सांगाडा, मग 'तुमच्या ह्यांचं ते' आणि शेवटी निळा रंग लागल्यावर गाडी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वर न्यायचं आणि खाली आणायचं, त्यामुळे असेल, पण त्याला सरळ पुढे जाणाऱ्या वस्तूचं फार अप्रूप. नुसती चालणारी गाडी त्याला नको होती. तिला टर्बो लावायचा होता. टर्बो म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखा एक लोखंडी शंख, त्यात एक चाक. इंजिनाचा तापलेला धूर बाहेर जाता जाता ते चाक फिरवतो, आणि ते चाक दुसऱ्या अंगानं इंजिनात हवा कोंबतं. कुठल्याशा मोडीत निघालेल्या व्हॅनचा टर्बो त्यानं मिळवला, वर्षभर त्याचा एकेक भाग उघडला, धुतला, जोडला; तो उशाशी घेऊन झोपायचं तेवढं बाकी होतं. धूर इंजिनाच्या चार भोकांतून निघतो. त्या चार वाटा एकत्र आणून शंखाच्या तोंडाशी सोडणारं जे नळ्यांचं जाळं, ते मॅनिफोल्ड. या गाडीला टर्बो कुणी लावतच नाही, त्यामुळे ते तयार मिळेना. तेव्हा घरीच करायचं ठरलं, आणि घरात स्टेनलेसचं वेल्डिंग येणारी एकटी तीच.

दोन महिने ते चाललं. वाकलेल्या नळ्यांचे तुकडे कापायचे, इंजिनाला धरून बघायचे, पुन्हा कापायचे. चार नळ्या म्हणजे चार बहिणी. जायचं एकाच दारी, पण वाट जिची तिची, लांबी सगळ्यांची सारखी, आणि वाटेत कुणी कुणाच्या पदरावर पाय द्यायचा नाही. पहिली सरळ गेली. दुसरी पहिलीच्या खांद्यावरून गेली. तिसरी खालून आली, जरा हट्टी होती, तिला दोनदा कापावं लागलं. चौथी सगळ्यांत लांबून, वळणावर वळण घेत आली, आणि आली तेव्हा अशी बसली की नवरा तिच्याकडे न बघता नळीकडेच बघून म्हणाला, "आई गं, काय सुंदर." ती चौथी. तिच्याच पोटात.

स्टेनलेसला बाहेरून जोड मारताना आत हवा राहिली तर जोडाची आतली बाजू जळते, करड्या साखरेसारखी खरखरीत होते, आणि मग एक दिवस तिथूनच फुटते. म्हणून नळीच्या पोटात आर्गॉन वायू भरून ठेवायचा, आणि तो पळू नये म्हणून टोकाला बोळा. कारखान्यात, जिथं ती दुधाच्या टाक्यांच्या नळ्या जोडते, तिथं बोळ्याला लाल दोऱ्याची शेपटी असते. शेपटी बाहेर लोंबत राहते. शेपटीशिवाय बोळा नळीत घालायचा नाही, हा नियम नव्या मुलींना तिनंच शिकवला होता, एकीला तर तिनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मांजर आत गेलं, आता काय आवाजावरून शोधणार?" पण घरी चार नळ्यांच्या तोंडाशी जाड पट्टी जोडायची होती. शेपट्या जोडाच्या मध्ये आल्या असत्या, जळाल्या असत्या. तिनं शेपट्या लावल्या नाहीत. बोळे जरा आत ढकलले, पहिल्या वळणापर्यंत. घरचंच तर काम, आणि हात तर आपलाच.

आता तो हात तिनं समोर धरला आणि त्याला विचारलं. पट्टीचा शेवटचा जोड झाला. लोखंड अजून गरम होतं, टिकटिक करत निवत होतं. वाकड्या तारेनं तिनं पहिला बोळा ओढला, खिशात टाकला. दुसरा. तिसरा. मग नवरा म्हणाला, "दे, दे, काचेवर ठेवून बघू दे, वाकलं नाही ना," आणि हातमोज्यांच्या हातांनी त्यानं ते तान्ह्या बाळासारखं उचललं. चौथा त्याच्या आधी काढला की नंतर? हात म्हणत होता, काढला. चौथ्याची नीट आठवण होती हाताला, तार अडकली तेव्हाचा तो छोटा हिसका, मग एकदम हलकं झाल्यासारखं. पण या हाताला अकरा वर्षांतल्या हजारो बोळ्यांची आठवण आहे. त्यातली ही कुठली, हे तो सांगू शकत नव्हता.

"बाई, बरं नाही का?" फोरमन टेबलाशी येऊन उभा होता. तिच्यापेक्षा वयानं मोठा, पण तिला बाईच म्हणायचा. तिच्या जोडावर त्यानं नेहमीसारखी न बघता सही केली. इतरांच्या नळ्यांत तो कॅमेरा घालायचा, पडद्याशी नाक नेऊन बघायचा, तिच्या नळ्या नुसत्या बाजूला ठेवायचा. "तुमचं काय बघायचं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकलं की तिच्या अंगात इस्त्री केल्यासारखं काहीतरी सपाट, गरम पसरायचं. आज ते वाक्य आलं आणि तिला वाटलं, कुणीतरी दार बाहेरून लावून घेतलं. "लवकर जाऊ का?" तिनं विचारलं. "जा की. आज गाडीचा दिवस ना? आवाज फोनवर ऐकवा." त्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्यानं लिफ्टमधल्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगितलं असेल की माझ्या बायकोनं केलंय.

कारखान्याच्या फाटकाशी तिनं नवऱ्याला फोन लावला. सहा वेळा वाजून तो उचलला गेला.

"बोल गं."

"काय करतोयस?"

"ऑइल भरलं, पाणी भरलं. मास्तर आलाय." मास्तर म्हणजे त्याचा मित्र, गाडी चालवायला शिकवणारा. "बाबा खुर्ची टाकून बसलेत सकाळपासून. जसं काही विमान उडणार आहे."

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "विमान आधी उडेल रे!"

"मास्तर म्हणतोय, तोवर नुसतं एकदा फिरवून बघू."

"नको!" ती एवढ्यानं ओरडली की फाटकाचा रखवालदार मान वळवून बघायला लागला. "मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"अगं, थट्टा करतोय तो. तुझ्याशिवाय सुरू करेन होय? चावी तूच फिरवायची आहेस." मग थोडं थांबून, "आवाज असा का येतोय तुझा? काय झालं?"

इथं बोलायचं होतं. शब्द तयार होते, साधे होते, जिभेवर आलेही होते. एक बोळा आत राहिलाय, किंवा राहिला असेल, खोलावं लागेल. पण मास्तर तिथं होता, सासरे तिथं होते, आणि फोनच्या पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, लहान मुलासारखा भरभर.

"काही नाही," ती म्हणाली. "जेवलास का?"

"जेवलो. तू?"

"हो."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्कूटरच्या आरशात बघत राहिली. आरशात फाटक होतं, रखवालदार होता, तिच्या चेहऱ्याची कड होती. एका फोनात दोनदा खोटं बोलून झालं होतं.

रस्त्यात तिनं हिशोब मांडला, लोखंडाचा आणि उष्णतेचा. धूर इतका तापतो की फॉइल वितळेल. टॉवेल जळून राख होईल, राख फुंकरीसरशी जाईल. झालं. पहिल्या सिग्नलपर्यंत हे पुरलं. सिग्नलला तारेची आठवण झाली. स्टीलची तार, दोन वेढे. ती वितळणार नाही. ती नळीतून वाहत जाईल आणि मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या चाकाला जाऊन भेटेल. चाकाची पाती नखाएवढी, कडेला कागदासारखी पातळ. तार म्हणजे किती, वीतभर. पण त्या वेगाला वीतभर तार म्हणजे दगड. पाती तुटतील, त्यांचे तुकडे शंखाच्या भिंतीवर आपटतील, आणि एक आवाज येईल जो तिनं कधी ऐकला नव्हता तरी आता कानात बसला होता. तो टर्बो दुसरा मिळायचा नव्हता. टर्बोचंही जाऊ दे. तो खाली वाकून बघेल, तुकडे तळव्यावर घेईल, आणि त्या तुकड्यांत त्याला तारेचा वेढा दिसेल. त्याला कळेल. की नाही कळणार? तुकड्यांत तुकडा. व्हॅनचा जुना टर्बो, आधीच कुठं तडा असेल, कुणाला सांगता येतंय? मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. सिग्नल कधीचा हिरवा झाला होता. ती पुढे निघाली आणि तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण हा विचार तिनं ओढून आणला नव्हता, तो आपणहून आला होता आणि अगदी घरच्यासारखा आत येऊन बसला होता.

आई तिची ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. पोट शिवायच्या आधी रक्त टिपायचे कापडी तुकडे मोजायचे, आत गेले तेवढे बाहेर आले का बघायचं, आणि डॉक्टरांनी "बरोबर?" विचारलं की "बरोबर" म्हणायचं, हे आईचं काम. ती नऊ वर्षांची असताना आई एका दुपारी घरी आली, गणवेश न बदलता गॅलरीत गेली आणि दोरीवरचे चिमटे मोजायला लागली. मोजले, पुन्हा मोजले. मग चमचे. मग जिन्याच्या पायऱ्या, भाजीतले तुकडे, तिच्या वेणीचे पेड. मोजताना आई गुणगुणायची, कुणी शिकवलेलं नव्हे, आपलंच:

मोज गं बाई मोज
पाच बोटं रोज
सहाव्याचं ओझं
कुणाचं गं

तिला ते गाणं वाटायचं. ती त्यावर उड्या मारायची. आई हसायची नाही. पुढं कितीतरी वर्षांनी, आई म्हातारी होऊन खाटेला लागली तेव्हा एकदा, उशीची खोळ बदलताना, आईनं सहज सांगितलं. त्या दिवशी तीस तुकडे दिले होते. मोजले तर एकोणतीस. डॉक्टर घाईत होते, चिडके होते, "बरोबर?" म्हणाले, आणि आई म्हणाली, "बरोबर." पोट शिवलं. वीस मिनिटांनी तिसावा तुकडा सापडला, एका वॉर्डबॉयच्या चपलेला चिकटलेला. "म्हणजे काही झालंच नाही ना?" तिनं विचारलं होतं. "काहीच नाही," आई म्हणाली. "तो माणूस आठव्या दिवशी चालत घरी गेला. मला पेढ्यासारखं गोड बोलून गेला." आणि आईनं पांघरुणाच्या झालरीचे गोंडे मोजायला घेतले. काहीच झालं नव्हतं. नुसती वीस मिनिटं होती ती. त्या वीस मिनिटांत आई जी आत अडकली ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही.

आता या क्षणी तिची किती मिनिटं झाली? साडेअकरा ते एक. नव्वद.

घराच्या मागं पत्र्याची शेड, तिचं दार सताड उघडं. शेड झाडून लख्ख केलेली होती. कचऱ्याचा पिंप रिकामा, धुऊन पालथा घातलेला. तो बघून ती दारातच थांबली; चौथा बोळा चुकून जमिनीवर पडला असेल, पिंपात गेला असेल, ही शेवटची वाट होती, आणि ती पाहुण्यांसाठी झाडून टाकलेली होती. नवऱ्यानं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. हात इतके घासले होते की बोटं गुलाबी दिसत होती. निळ्या गाडीचं बॉनेट वर, आणि आत इंजिनाच्या कुशीला तिचं मॅनिफोल्ड, जोडांवर मोरपिसासारखे निळे-सोनेरी रंग. कुणीही बघावं आणि म्हणावं, वा. आणि ते तिघंही तेच म्हणत होते.

"या, या वहिनी," मास्तर म्हणाला. "मी तर ह्याला म्हटलं, अरे नळ्या बघून वाटतं वहिनींनी विणल्यात."

"विणल्यात नाही," सासरे खुर्चीतून म्हणाले, "पाळणा केलाय पाळणा. सात वर्षं ही गाडी झोपलीय. आज उठली तर उठली, नाही तर मी आत गादी टाकून घेतो."

"बाबा, आज उठणार," नवरा म्हणाला, आणि तिच्या हातात चावी दिली. "बस."

ती बसली. सीटला अजून कापड नव्हतं, नुसता स्पंज. मास्तर सवयीनं खिडकीशी आला आणि त्याचं रोजचं सुरू झालं, "क्लच दाबा. गिअर मधोमध. आरसा बघा. मागच्याला हात दाखवा." सासरे हसले. नवरा इंजिनापाशी वाकून उभा होता, बॉनेटच्या फटीतून त्याचे डोळे तिच्याकडे. त्या डोळ्यांत एवढा विश्वास होता की तिला ते चुकवून दुसरीकडे बघावंसं वाटलं, पण गाडीत बघायला दुसरं काही नव्हतंच, काटे सगळे शून्यावर. तिनं चावी लावली. अर्धी फिरवली. लाल दिवे लागले. आणखी एक बोटभर फिरवायची होती, बस्स. त्या बोटभर अंतरात तिला सगळं दिसलं: गाडी सुरू होईल, कदाचित काहीच होणार नाही, बोळा नसेलच, सगळे टाळ्या वाजवतील, आणि उद्या ती स्वयंपाकघरात उभी राहून चमचे मोजेल. किंवा आवाज येईल. आवाज आला तर ती काय म्हणेल, तेही तिला ऐकू आलं. ती म्हणेल, "अरे देवा, काय झालं?" आणि ते इतकं खरं वाटेल की तिचंही तिला पटेल.

तिनं चावी उलटी फिरवली. दिवे गेले.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"खोलावं लागेल."

"काय?"

"मॅनिफोल्ड. चौथ्या नळीत बोळा राहिलाय."

सासरे खुर्चीत पुढे सरकले. मग मास्तर म्हणाला, "म्हणजे, खात्री आहे का वहिनी? का नुसतं वाटतंय?"

"वाटतंय."

"मग एवढं सगळं उघडायचं? अहो, जळून जाईल की."

"तार आहे त्याला. स्टीलची."

"तार आहे म्हटल्यावर बोलायचंच नाही," सासरे म्हणाले. आणि मग, कुणाला तरी काहीतरी बोलायलाच हवं म्हणून, "मी गादी आणतो." पण ते उठले नाहीत.

 पांढऱ्या शर्टाच्या बाह्या नवऱ्यानं एकेक घडी करून वर घेतल्या, पाने काढले, आणि कामाला लागला. तीही उतरली. ऑइलची नळी सुटली तेव्हा नवंकोरं ऑइल झाडलेल्या जमिनीवर सांडलं आणि सोनेरी जिभेसारखं पसरत गेलं. पाण्याची नळी सुटली. टर्बो सुटला, तो मास्तरनं दोन्ही हातांनी तोलून धरला. मग नट. वरचे आठ सहज निघाले. खालचा एक चौथ्या नळीच्या वळणामागे, तिथं पाना पाव फेरीसुद्धा फिरत नव्हता. फिरवायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. तो फिरवायचा आणि ती उजेड धरायची. दीड तासात त्यांच्यात तीन शब्द झाले: "वर", "अजून", "थांब". तिला वाटत होतं त्यानं ओरडावं. भांडण कसं करायचं ते तिला माहीत होतं. हे तिला माहीत नव्हतं. मास्तर मधेच घड्याळ बघून म्हणाला, "माझा तीनचा शिकाऊ आहे, येतो परत," आणि गेला तो परत यायचा नाही अशाच बेतानं. सासरे खुर्चीतच पेंगले.

मॅनिफोल्ड टेबलावर आलं. तिनं वाकडी तार चौथ्या नळीत सारली, वळणापर्यंत, वळणाच्या पलीकडे. तार कशाला तरी टेकली. मऊ. तिनं डोळे मिटले, तार फिरवली, ओढली. अडकली. एक छोटा हिसका, आणि बोळा बाहेर आला. एका अंगानं करपून तपकिरी झालेला, दोन वेढे जसेच्या तसे. टेबलावर पडून तो थोडा फुगला, जणू श्वास धरून बसला होता. तिला हायसं वाटलं. खरंच हायसं वाटलं, आणि मग त्याची लाज वाटली, आणि दोन्ही तशीच जवळजवळ राहिली.

नवऱ्यानं बोळा उचलला. अंगठ्यानं तार चाचपली. "हे आत होतं."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"साडेअकराला."

त्यानं मनाशी मागं मोजलं. तिला ते मोजणं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "म्हणजे फोन केलास तेव्हा?"

"हो."

"तेव्हा तू मला जेवलास का म्हणून विचारलंस."

 तिनं टेबलाची कड धरली. तो पुढं काही म्हणेल, त्यानं म्हणावं, याची ती वाट बघत होती. पण तो बोळ्याकडेच बघत होता, आणि बोलला तेव्हा आवाज खाली होता, सासरे जागे होऊ नयेत इतका. "गुरुवारी मी बसवलं. हातात होतं माझ्या. टॉर्च खिशात होती. नळीत बघायला क्षण लागला असता. नाही बघितलं."

"का?"

"तुझं काम."

"म्हणून काय झालं? बघायला हवं होतंस."

"बघितलेलं तुला चाललं असतं?"

ती "हो" म्हणणार होती. मग तिला तो लोखंडी ब्रॅकेट आठवला, तीन वर्षांपूर्वी तिनं रेडिएटरसाठी केलेला. तो फक्त म्हणाला होता, "हे जरासं तिरकं वाटतं का गं?" आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यानं रेडिएटरच तिरका बसवला होता. त्यानंतर त्यानं तिच्या कामाला कधी हात लावून बघितलं नाही. लांबून बघायचा आणि "सुंदर" म्हणायचा. ते सुंदर ती तीन वर्षं गोळा करत आली होती.

"नाही," ती म्हणाली. "चाललं नसतं."

त्यानं मान हलवली. चिडून नव्हे, एखादी वस्तू तिच्या जागी ठेवावी तशी. बोळा टेबलावर ठेवला आणि चिंधीला हात पुसायला लागला. आता हे असंच उचलून परत बसवायचं, ऑइल भरायचं, उद्या पुन्हा चावी. तिला दिसलं की तो तेच करणार आहे, काही न बोलता, आणि ते तिला सोसवेना.

"आता बघ," ती म्हणाली.

"काय बघू?"

"सगळं. टॉर्च घे."

त्यानं तिच्याकडे बघितलं, खरंच म्हणतेस का असं. मग शेडचं दार ओढून घेतलं. आत अंधूक झालं, पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा तेवढ्या उरल्या. त्यानं टॉर्च पहिल्या नळीत घातली आणि वाकला. ती हात मागं बांधून उभी राहिली, शाळेत वही तपासताना उभं राहतात तशी. तो हळू बघत होता, हवं त्याहून हळू. पहिली. दुसरी. नळी फिरवली, बाहेरून जोड बघितला, पुन्हा आत. तिच्या मानेमागं घाम आला. तिसरीशी तो थांबला. नळी जरा वळवली. पुन्हा तिथंच आला. मग टॉर्च चटकन पुढं नेली.

"काय आहे?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"थांबलास तू."

"उगाच. उजेड चमकला. बाहेरून आला असेल."

"परत ने."

"अगं, काही नाही म्हटलं ना."

"सांग."

त्यानं टॉर्च परत नेली, तिसऱ्या नळीच्या मुळाशी, चार नळ्या जिथं एकमेकींना बिलगतात त्या खोबणीत. बाहेरच्या काळोख्या बाजूला, तिच्या मोरपिशी जोडाच्या अगदी मधोमध, उजेडाचा एक ठिपका होता. टाचणीच्या टोकाएवढा, म्हणजे जोडात तेवढं भोक.

शक्यच नाही, असं तिच्या आत काहीतरी उसळून आलं. अकरा वर्षांत नाही. टॉर्च वाकडी असेल, रेघेचा भास असेल, आणि याला काय कळतं, लिफ्टवाल्याला. रागानं कान तापले. तो टॉर्च मागं घ्यायला लागला होता, "नसेलही," असं पुटपुटत, चेहऱ्यावर ती जुनी, तीन वर्षांची समजूत घेऊन.

"हलवू नकोस," ती म्हणाली. "तसाच धर."

ती वाकली. ठिपक्यावर बोट ठेवलं. उजेड गेला. बोट उचललं. उजेड आला. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. तिथंच होता, अगदी शांत.

"आहे," ती म्हणाली. आणि बोट खुणेसाठी तिथंच ठेवून, "आता पुढचा जोड बघ."